चंपी व्याली, आता वाघ्याला कुठे ठेवायचं?

मखमलाबादला आमच्या मळ्यात आमची कुत्री चंपी व्याली ती ऐन डिसेंबरच्या थंडीत. पाच पिल्लं. तिसऱ्या दिवशी मला शहाणपण सुचलं, म्हटलं बापाला पोरं दाखवू. वाघ्याला पॅकिंगच्या खोलीत नेलं. चंपी गुरगुरलीसुद्धा नाही. वरचा ओठ जरासा थरथरला, आणि वाघ्याचा कान तिच्या दातात! झटापटीत एका पिल्लाच्या पायावर पाय पडला, आठवडाभर सुजलेला होता.

तेव्हा पहिले तीन आठवडे दोघांमध्ये भिंतच हवी. नुसत्या जाळीने भागत नाही. तो दिसला की ती पिल्लं सोडून धावते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आई उठली की ती गारठतात. आम्ही द्राक्षांच्या कॅरेटांचा आडोसा करून खाली बारदान अंथरलं, वर बल्ब टांगला. वाघ्याची रवानगी पंपाच्या खोलीत, भांडी वेगळी. त्याला हात लावला की साबणाने धुऊनच पिल्लांकडे. पण त्याला वाळीत टाकू नका. रोज सकाळी पाटाच्या कडेने फिरवा, नाहीतर रात्रभर रडून तो अख्खी वस्ती जागवेल.

पिल्लं तुरुतुरु चालायला लागली की आधी फक्त दोघांची भेट, तीही उघड्यावर, पिल्लांपासून लांब. ती शेपूट हलवून सामोरी गेली तरच पुढचं. मग वाघ्याच्या गळ्यात पट्टा, साखळी आपल्या हातात, खाण्याची भांडी उचललेली, पाचच मिनिटं. चंपी मध्ये येऊन आडवी उभी राहिली की तिचं ऐकायचं. पिल्लू कान चावायला आल्यावर वाघ्याने एकदा गुरकावलं तर चालतं. अंग ताठ करून टक लावून बघायला लागला की बाहेर.

आमच्याकडे म्हणतात, पाजती आहे तोवर कुत्री माजावर येत नाही. त्या भरवशावर राहू नका. व्याल्यानंतर काही आठवडे स्राव चालतो, त्या वासानेही नर मागे लागतो. पिल्लांचं दूध तुटल्यावर डॉक्टरांना विचारून तिचं ऑपरेशन करून घ्या. नराचं केलंत तरी महिनाभर त्याला वेगळाच ठेवा, तेवढ्यात गाभण राहू शकते. आणि घरातच वाढणारी नर पिल्लं सहा महिन्यांची झाली की बहिणीला, आईला ओळखत नाहीत, हे आधीच ध्यानात घ्या. आमचे दोन नर त्याआधीच गिरणाऱ्याच्या पाहुण्यांकडे गेले.