एअर रायफलची ताकद वाढवायला निघालात? आधी या चुका टाळा

मे महिना उजाडला की माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या एअर रायफलींची रांग वाढते, कारण सुट्टीत त्या माळ्यावरून खाली उतरतात आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाने त्यांच्या पिस्टनवरचे हवा अडवणारे चामडी वॉशर तोवर पापडासारखे वाळलेले असते. तक्रार ठरलेली असते की छर्रा पूर्वीसारखा लागत नाही, आणि तिच्या पाठोपाठ येणारी मागणीही ठरलेली असते की जाड स्प्रिंग टाकून द्या. नळी वाकवून भरायच्या साध्या स्प्रिंग-पिस्टन रायफलीत दाबलेली स्प्रिंग सुटून पिस्टन पुढे ढकलते आणि त्याने दाबलेली हवा छर्रा बाहेर फेकते. अशा रायफलीत ताकद कमी पडते, ती बहुधा कुठून तरी गळत असते म्हणून. ही गळती न शोधता स्प्रिंग बदलणे म्हणजे भोक पडलेल्या टाकीला मोठा पंप जोडणे आहे.

सर्वांत संतापजनक चूक तेलाची. नळी वाकवली की मागे हवेचे जे बारीक छिद्र दिसते, त्यात शिलाई मशीनचे तेल सोडण्याचा सल्ला कोण देतो हे मला आजवर कळलेले नाही, पण तो दरवर्षी नव्या मुलापर्यंत पोहोचतो. पिस्टन वेगाने पुढे आला की दाबलेली हवा क्षणभर इतकी तापते की तेलाची वाफ पेट घेते. डिझेल इंजिनात जे घडते तेच येथे घडते, फक्त येथील भाग त्यासाठी घडवलेले नसतात. आमच्या गल्लीतल्या एका महाविद्यालयीन मुलाने हाच प्रयोग केला. पहिल्या दिवशी फटाक्यासारखा आवाज आला, नळीतून धूर निघाला आणि रायफल सुधारली या आनंदात त्याने मित्रांना बोलावले. चौथ्या दिवशी ती माझ्या टेबलावर होती. उघडून पाहिले तर स्प्रिंगचे दोन तुकडे झालेले, आणि तुटलेली टोके स्क्रूसारखी एकमेकांत फिरून बसल्यामुळे स्प्रिंग चांगली दोन बोटे आखूड झालेली. वॉशरची कड काळी पडून कुरतडल्यासारखी दिसत होती. “काका, तेल तर थोडंसंच टाकलं होतं जी,” एवढेच तो म्हणाला. मी नवे चामडी वॉशर सिलिकॉन तेलात रात्रभर भिजवून बसवतो आणि स्प्रिंगला मॉलिब्डेनम ग्रीसचा जेमतेम हात फिरवतो. त्यापलीकडे दाबकक्षात काहीही जाऊ देत नाही. सिलिकॉन तेल स्प्रिंगला लावू नये, कारण धातूवर धातू घासतो तेथे ते टिकत नाही.

दुसरी चूक जाड स्प्रिंगची, आणि तिच्याबद्दल मी अधिक कठोर बोलतो, कारण ती मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या काळात मीही मूळ स्प्रिंग काढून तिच्या जागी जाड तारेची बसवली होती. भरताना जोर लागू लागला, बिजागरीचा सांधा महिनाभरात हलू लागला आणि वेग मात्र नावापुरता वाढला, कारण सिलिंडरमध्ये मावते तेवढीच हवा पिस्टन दाबू शकतो. खरा धोका ट्रिगरमध्ये होता. पिस्टन अडवून धरणारा खटका ज्या भारासाठी घडवलेला असतो त्याहून जास्त भार त्याच्यावर आला की त्याची धार झिजते, आणि एके दिवशी छर्रा भरत असताना तो सुटला. उघडी नळी चाबकासारखी वर आली आणि डाव्या अंगठ्याचे नख गेले. नशिबाने अंगठा राहिला. तेव्हापासून छर्रा बसवताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरल्याशिवाय मी बोट जवळ नेत नाही, आणि समोर शिकायला बसलेल्याने ती धरली नाही तर त्या दिवशीचा धडा तेथेच संपवतो.

स्प्रिंग दाबून धरणाऱ्या क्लॅम्पशिवाय रायफल खोलणाऱ्यांसाठी एकच वाक्य पुरे आहे: आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, आणि माझ्या कपाटाच्या दारावर तिची खूण अजून आहे.

गळती शोधण्याची माझी सवय साधी आहे. नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरचा लहानसा तुकडा ठेवतो, छर्रा भरतो आणि छर्रे अडवणाऱ्या पेटीवर एक बार काढतो. कागद फडफडला किंवा उडाला तर सांध्याचे वॉशर गेले, असे समजतो. ते बदलायला चहा निवायला लागतो तेवढा वेळ पुरतो, आणि त्यानंतरही वेग कमी वाटला तरच पिस्टनकडे वळतो. “वाटला” हा शब्दही मला आवडत नाही, म्हणून क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, दहा बार मोजतो. आकडे एकमेकांपासून फार दूर पडत असतील तर ताकदीचा विचार सोडून आधी वॉशर आणि छर्रे तपासतो. डबीत दबलेले, कड वाकलेले छर्रे चांगल्या रायफलीलाही बदनाम करतात.

मोजण्याचे आणखी एक कारण आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा नळीचा आतला व्यास ४.५ मिमीपेक्षा मोठा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला तर ऊर्जा १० ज्यूल होते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, त्यामुळे अंदाजाने ताकद वाढवणारा सीमेच्या कोणत्या बाजूला उभा आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. इतक्या ताकदीची गरज तरी कोणाला असते? २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने ज्या १० मीटर प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्यातील स्पर्धेच्या रायफली छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगाने सोडतात, म्हणजे जेमतेम साडेसात ज्यूल.

रिकामा बार काढू नये, कारण समोर छर्ऱ्याचा अडथळा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळतो. रायफल भरून रात्रभर ठेवू नये. साधी दुर्बीण बसवू नये. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते आणि स्वस्त दुर्बिणीच्या काचा त्यात सुटतात. याच झटक्यामुळे रायफल आवळून धरणाऱ्याचे छर्रे इकडेतिकडे जातात, पण दोष मात्र स्प्रिंगला मिळतो. रायफल पुढच्या हाताच्या तळव्यावर नुसती टेकवून पाहावी.

त्या मुलाच्या रायफलीत मी मूळ मापाची स्प्रिंग आणि दोन्ही वॉशर नवे घातले. क्रोनोग्राफवरचा आकडा पाहून त्याने लगेच विचारले, “काका, अजून किती वाढेल?” मी त्याला दहा मीटरवर कागदी निशाण लावून दिले. पाच छर्रे पाच ठिकाणी लागले, आणि सहावा भरताना त्याने नळी दुसऱ्या हाताने धरली नव्हती, म्हणून त्या दिवशीचा धडा मी तेथेच संपवला.