बदकाची पिल्लं घरी यायच्या आधी

पिल्लं सांगून ठेवण्याआधी घरात बसून एक गोष्ट पक्की करा. अंडी हवीत की मटण? अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल घ्या. नीट सांभाळली तर वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. मटणासाठी पांढरं पेकिन बरं, ते दीड महिन्यात दोन-सव्वादोन किलोला येतं. बंगळूरजवळ हेसरघट्ट्याला केंद्र सरकारचं कुक्कुट केंद्र आहे, तिथे आधी फोन करून विचारा. आपल्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातही चौकशी करा. तिथे 'बदक' म्हटल्यावर कोणी बघत राहिलं तर कानडीत 'बातुकोळी' म्हणा, लगेच कळतं.

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लं आणू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. त्या ओलीत कोवळं पिल्लू टिकत नाही. शिमग्याच्या सुमारास आणलीत की मिरगापर्यंत अंगावर पिसं भरतात आणि मग पाऊस त्यांच्या सोयीचाच होतो.

पिल्लं यायच्या दोन दिवस आधी जागा तयार हवी. भाताच्या गिरणीतून तूस आणा आणि दोन-तीन इंच थर द्या. पहिले तीन दिवस त्यावर गोणपाट टाका, नाहीतर पिल्लं तूसच खात सुटतात. वर्तमानपत्र अंथरू नका. त्यावर पाय घसरतात आणि फाकलेले पाय पुन्हा सरळ होणं अवघड. उबेसाठी जुना पिवळा बल्ब शोधून ठेवा, एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला 32 अंश ऊब असावी, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत, कोपऱ्यात पळून चोच उघडी टाकली तर उकडतंय. रात्री लाईट जाणार हे धरूनच चालायचं. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवता येतील, एवढी सोय करा. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी मात्र नको, निखाऱ्यांच्या विषारी वायूने पिल्लं गुदमरतात.

आता पाणी. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. पिल्लू चोच भरून भरडा घेतं, तसंच पळत पाण्याशी येतं, नाकपुड्यांपर्यंत चोच बुडवून फुर्र करतं आणि मान झटकतं. नाकपुड्या धुतल्या गेल्या नाहीत तर त्या भरड्याने बुजतात आणि डोळे चिकटतात. म्हणून पाणी दोन-अडीच इंच खोल हवं, पण अंग बुडेल इतकं रुंद भांडं नको. खानापूरच्या कुंभारांकडचं मातीचं जाड परळ घ्या, ते कलंडत नाही. मधोमध एक धोंडा ठेवा, म्हणजे पिल्लू आत बसत नाही. परळाखाली घमेलं आणि त्यावर बारीक जाळी ठेवलीत तर सांडलेलं पाणी खाली जातं आणि तूस कोरडं राहतं. आईविना वाढणाऱ्या पिल्लाच्या पिसांना तेल लागलेलं नसतं. पोहायला सोडलं की ते भिजतं, गारठतं आणि मरतं. महिनाभर तरी ओढा-तळ्याचं नाव काढू नका.

खाण्याला कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचं तयार खाद्य, चालतं, ओलसर करून द्या आणि उरलेलं संध्याकाळी काढून टाका. बदकांना नायसिन हे ब-गटातलं जीवनसत्त्व जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय वाकतात. त्यासाठी ब-कॉम्प्लेक्सचं औषध दवाखान्यात विचारून आधीच आणून ठेवा.

घरचा मका मात्र तपासल्याशिवाय घालू नका. आमच्या पहिल्या वीस पिल्लांतली नऊ चार दिवसांत गेली. आदल्या दिवशी पायात घोटाळणारी पिल्लं मान टाकून बसायची, पाय मागे ताणायची आणि संपायची. पोतं उलटं केलं तेव्हा तळाच्या दाण्यांवर हिरवट बुरशी दिसली. त्याच मक्यावर आमच्या कोंबड्या खुशाल होत्या, म्हणून शंकाच आली नव्हती. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बदकाच्या पिल्लाला सगळ्यात आधी मारतं. 1960 साली इंग्लंडात अशाच बुरसटलेल्या शेंगदाणा पेंडीने लाखभर टर्की मेले, त्यांच्याबरोबर बदकाची पिल्लंही मेली. उन्हात वाळवून किंवा शिजवून हे विष जात नाही. वास आला, दाणा काळवंडला, की पोतं टाकून द्यायचं. जीव तुटतो, पण टाकायचं.

पुढच्या महिन्यांचंही थोडं आत्ताच बघून ठेवा. खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी लावा आणि ती जमिनीत वीतभर पुरा, मुंगूस आणि घूस खालून येतात. बदक-प्लेगची लस आठ ते बारा आठवड्यांत द्यावी लागते. एका बाटलीत पुष्कळ मात्रा असतात, तेव्हा शेजारीपाजारी बोलून ठेवा. अंडी सुरू झाल्यावर सकाळी नवाच्या आत बाहेर सोडू नका, नाहीतर अंडी ओढ्यात. पेकिन सात आठवड्यांच्या आत कापा, पुढे नवी पिसं फुटतात आणि ती खुंटं उपटता उपटता अख्खी दुपार जाते.

पिल्लं सकाळी घरी पोचतील असं बघा. आल्या आल्या खायला घालू नका. एकेक हातात घेऊन चोच पाण्यात बुडवा, गळा हलला की खाली सोडा. सगळी पिऊन झाली, की तासाभराने भरडा ठेवा.