ऑइल प्रेशर कमी दाखवतंय? आधी सेन्सर कुठं बसलाय ते बघा

निपाणीहून तवंदी घाट चढून गाडी वर आली आणि आयडलिंगला गेजचा काटा खाली बसला, की निदान ठरलेलं: ऑइल पंप गेला, नाहीतर बेअरिंग. लगेच चेंबर खोलायची घाई. थांबा. गेज नंतर जोडलेला असेल तर त्याचा सेंडर, म्हणजे दाब मोजून गेजला कळवणारा सेन्सर, इंजिनावर नेमका कुठं बसवलाय, ते आधी बघा.

तेल पंपातून निघतं, फिल्टरमधून मुख्य गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मोठ्या वाटेत येतं, तिथून क्रँकच्या बेअरिंगना आणि बऱ्याच इंजिनांत सगळ्यात शेवटी वर हेडमध्ये कॅमशाफ्टला जातं. वाटेत प्रत्येक बारीक भोकाशी दाब थोडा उतरतो. त्यामुळे एकाच इंजिनाचं, एकाच क्षणी, फिल्टरच्या आधीचं रीडिंग जास्त येतं आणि हेडवरचं कमी. दोन्ही खरी. चूक होते ती हेडवरचा आकडा मॅन्युअलशी ताडून घाबरण्यात. मॅन्युअलमधला आकडा कंपनीनं ठरवलेल्या जागेचा, ठरावीक आरपीएमचा आणि तापलेल्या तेलाचा असतो.

उलटी चूक मला जास्त घातक वाटते. सेंडर फिल्टरच्या आधी आहे आणि फिल्टर तुंबलाय, तर काटा ऐटीत वर उभा राहतो, पण बेअरिंगपर्यंत दाब पुरेसा पोचत नाही. फिल्टरला वळसा देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडला की तेल जातं खरं, पण न गाळलेलं. जागा निवडायची मुभा असेल तर फिल्टरनंतरची मुख्य गॅलरीच घ्या.

डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या दिव्याचा स्विच वेगळा. तो दिवा बहुतेक गाड्यांत दाब साधारण ०.३ ते ०.५ बारपर्यंत उतरल्यावरच लागतो. दिवा नाही म्हणजे दाब चांगला, असं धरू नका. आणि चालू गाडीत दिवा लागलाच, तर गेज काहीही दाखवो, इंजिन बंद करा.

एका वायरच्या सेंडरला अर्थ (विजेचं अर्थिंग) इंजिनाच्या धातूतूनच मिळतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली की अर्थ तुटतो आणि काटा मनाला येईल ते दाखवतो. जड सेंडर थेट पितळी टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) लटकवला तर इंजिनाच्या हादऱ्यांनी टी मोडते. म्हणून तो होजपाइपनं बाजूला घेतलेला बरा, पण मग अर्थची वेगळी वायर ओढायला विसरू नका.

तरीही संशय असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागी, गरम इंजिनावर, मेकॅनिकल गेज लावा.

एक शेवटचं, आट्यांचं. १/८ एनपीटीला (अमेरिकन पाइप-आटे) इंचात २७ आटे, १/८ बीएसपीला (ब्रिटिश पाइप-आटे) २८. सुरुवातीला एकमेकांत गुमान फिरतात, मग पाना जोरात ओढला की ब्लॉकचे आटे जातात. अ‍ॅडॉप्टर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर करून घेता येतो; जाताना जुना आणि नवा दोन्ही सेंडर सोबत न्या.