संताच्या चमत्काराचे चित्र कसे पाहावे

जुने गोवे येथील से कॅथेड्रलमध्ये पाहुण्यांना नेले की ते सोन्याने मढवलेल्या मुख्य वेदीसमोर क्षणभर थक्क होतात आणि लगेच मागे वळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या वेदीवर संत कॅथरीनची कथा कोरलेली आहे, आणि ती वाचण्यासाठी ख्रिस्ती असावे लागत नाही. नजर आधी कुठे ठेवावी एवढे कळले तरी पुरते.

भिंत चालवणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या चित्रात आपण आधी माउलींचा चेहरा पाहतो. युरोपातील प्रबोधनकाळातील चमत्कारचित्र पाहताना ही सवय बाजूला ठेवावी आणि जमिनीपासून सुरुवात करावी.

सरावासाठी व्हेनिसचा चित्रकार तिंतोरेत्तो याने 1548 मध्ये पूर्ण केलेले गुलामाच्या सुटकेचे चित्र घ्यावे. मूळ चित्र व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयात असून ते चार मीटरांहून उंच आणि पाच मीटरांहून रुंद आहे. म्हणून मोबाइलवर न पाहता शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर पाहावे. कथा थोडक्यात अशी: मालकाची परवानगी न घेता एक गुलाम संत मार्कच्या अवशेषांच्या दर्शनाला जातो, मालक त्याचे डोळे काढण्याची आणि पाय मोडण्याची शिक्षा देतो, पण हत्यारेच मोडून पडतात. जमिनीवर उताण्या पडलेल्या उघड्या देहाभोवती त्यांचे तुकडे विखुरलेले दिसतील. मग हात पाहावेत. फेटा बांधलेला एक माणूस उजवीकडे उंचावर बसलेल्या मालकाला मोडका हातोडा वर करून दाखवत आहे. माझ्या मते चमत्काराचा सगळा पुरावा त्या एका हातात आहे. त्यानंतर गर्दीचे डोळे कुठे वळले आहेत ते तपासावे. बहुतेकांची नजर खालीच खिळलेली आहे. संताकडे सर्वांत शेवटी यावे. तो डोके खाली करून आकाशातून झेपावतो आहे आणि त्याचा चेहरा चक्क सावलीत आहे! चित्रकाराने उजेड त्या गुलामाच्या अंगावर टाकला आहे.

आता से कॅथेड्रलला जावे, मात्र प्रार्थनेची वेळ टाळून आणि शक्य असल्यास छोटी दुर्बीण सोबत घेऊन, कारण वेदी उंच आहे. आपण शंख-चक्रावरून विष्णू ओळखतो, तशी कॅथरीन चाकावरून आणि तलवारीवरून ओळखावी. कथेनुसार सम्राटाने बोलावलेल्या पन्नास पंडितांना तिने वादात निरुत्तर केले, तिच्यासाठी आणलेले खिळ्यांचे चाक फुटले आणि अखेर तलवारीने तिचा शिरच्छेद झाला. पोर्तुगीजांनी 25 नोव्हेंबर 1510 रोजी, म्हणजे तिच्या सणाच्या दिवशी, गोवे जिंकले आणि म्हणूनच हे मंदिर तिला अर्पण झाले. पाहताना हेही मनात असू द्यावे, कारण येथील भक्ती आणि सत्ता एकाच तारखेला जोडलेल्या आहेत.

वेदीवरील एका वेळी एकच चौकट निवडावी. खालच्या कडेपासून वर जात कोणाच्या हातात काय आहे ते पाहावे, आणि तिचा चेहरा शेवटी पाहावा. एका चौकटीला दहा मिनिटे द्यावीत. बाकीच्या चौकटी पुढच्या खेपेला.