मिस्साची वेळ आणि गोळीची वेळ

नाशिकमधल्या जेलरोड आणि नाशिकरोडच्या कित्येक कॅथोलिक घरांत रविवारी सकाळी रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी डबीतच राहते. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) घेण्याआधी तोंडात काही घालायचे नाही, असे लहानपणी शिकवलेले असते आणि त्यामुळे आजी ‘मिस्सावरून आले की घेईन’ म्हणून गोळी बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात चर्चचा नियम इतकाच आहे की ख्रिस्तप्रसादाआधी निदान एक तास काही खाऊ-पिऊ नये, आणि त्या नियमातही पाणी व औषध यांना स्पष्ट मोकळीक दिलेली आहे. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांनी तर त्या तासात काही खाल्ले असले तरी त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येतो. तेव्हा गोळी वेळेवर, पाण्याबरोबर घ्यावी आणि मगच घराबाहेर पडावे.

या छोट्या बाबीपासून सुरुवात करण्याचे कारण असे, की शरीराची काळजी घेतली म्हणजे भक्तीत काहीतरी उणे पडते, ही समजूत आपल्यात फार खोल रुजली आहे. संत पौल बायबलमधल्या पत्रात करिंथकरांना शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे लिहितात, तेव्हा आपण ते वचन केवळ पापाच्या संदर्भात ऐकतो. पण मंदिराचे छप्पर गळू लागले तर ते शाकारणे हीसुद्धा सेवाच असते. चर्चची शिकवण जीवन आणि आरोग्य यांना देवाने सोपवलेल्या मौल्यवान देणग्या मानते, आणि त्याच वेळी शरीरालाच दैवत करून बसू नका, असेही बजावते.

प्रार्थनेत मन लागत नसेल, तर स्वतःला दोष देण्याआधी झोपेचा हिशेब पाहावा. सातपूर-अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पहाटे जपमाळ घेताच डुलकी लागली, तर त्यात श्रद्धेची उणीव नाही. बायबलमधला एलिया संदेष्टा रानात मरण मागत झाडाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले, आणि देवाची वाणी त्याला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ऐकू आली. धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी 13व्या शतकात दुःखावरचे उपाय सांगताना अश्रू, मित्रांची सोबत आणि सत्याचे चिंतन यांच्या बरोबरीने झोप आणि स्नान यांचाही उल्लेख केला आहे. मात्र पुरेशी झोप मिळूनही उदासी कित्येक आठवडे हटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. ‘वैद्याचा मान राख, त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे’ या आशयाचे वचन बायबलमधल्या सिराकच्या ग्रंथात 38व्या अध्यायात आहे, आणि तोच अध्याय आजारपणात प्रार्थनाही करायला सांगतो.

सर्वांत जास्त गोंधळ ईस्टरआधीच्या उपवासकाळात होतो. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. काही वर्षांपूर्वी शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) त्यांनी सकाळी नेहमीप्रमाणे इन्सुलिन घेतले, त्यावर फक्त कोरा चहा घेतला आणि भर उन्हात क्रूसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांपाशी थांबत करायच्या प्रार्थनेला, उभे राहिले. सातव्या स्थानापाशी त्यांच्या कपाळावर घाम डवरला, हातातले पुस्तक थरथरू लागले आणि ते मटकन खाली बसले. शेजारच्या मावशींनी पर्समधली साखरेची पुडी त्यांच्या तोंडात रिकामी केली, म्हणून निभावले. नंतर फादरांनी त्यांना जवळ बसवून सांगितले, ‘काका, हा नियम तुमच्यासाठी नव्हताच.’ ते खरेच होते. भस्म बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि शुभ शुक्रवार या दोन दिवसांचा उपवास वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून 59 वर्षे पूर्ण होईपर्यंतच बंधनकारक असतो, आजारी माणसाला त्यातून सूट असते, आणि त्याचे स्वरूप एक पोटभर जेवण व दोन अल्प आहार एवढेच असते. मांस मात्र त्या दिवशी वर्ज्य. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस हे शेजाऱ्यांच्या उपवासाचे पदार्थ आपण आपलेसे केले आहेत, पण आपल्या नियमात अशी काही यादी नाही, आणि मधुमेह असणाऱ्याची साखर साबुदाण्याने झपाट्याने वाढते. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी, वरण आणि पालेभाजी यांचे बेताचे जेवण कितीतरी योग्य. आजाऱ्याने उपवासकाळ सुरू होण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि जेवण सोडण्याऐवजी मोबाईल, मालिका किंवा रागाचा शब्द सोडावा. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी तरुणपणी कठोर उपवासांनी स्वतःची प्रकृती बिघडवून घेतली होती. पुढे 1548 साली आपल्या संघातल्या फ्रान्सिस बोर्जिया यांना पत्र लिहून त्यांनी उपवास कमी करण्याचा आणि पोट सांभाळण्याचा सल्ला दिला.

रोझरीविषयी, म्हणजे जपमाळेवर म्हणायच्या प्रार्थनेविषयी, एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इटलीतील संशोधकांनी 23 निरोगी व्यक्तींवर केलेला एक अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. लॅटिनमधून ‘नमो मरिया’ ही रोझरीतली प्रार्थना म्हणताना त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. अभ्यास लहान आहे आणि कृपा काही यंत्राने मोजता येत नाही, पण घरातल्या रोझरीसाठी त्यातून घेण्यासारखे आहे: अर्धी प्रार्थना एकाने, अर्धी इतरांनी म्हणावी, घाई करू नये, आणि दुसऱ्यांचा भाग चालू असताना शांतपणे श्वास घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. रुग्णाभ्यंग संस्कार, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून फादरांनी केलेली प्रार्थना, शेवटच्या घटकेपर्यंत लांबवू नका. ‘फादर आले म्हणजे संपले’ या भीतीने आपण आजाऱ्याला शुद्धीत असताना मिळणारा आधार हिरावून घेतो. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच स्पष्ट केले, की हा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही. गंभीर आजार किंवा वार्धक्य यांमुळे धोका सुरू होताच त्याची योग्य वेळ आलेली असते. मोठ्या शस्त्रक्रियेआधी तो घ्यावा, आणि आजार बळावल्यास पुन्हाही घेता येतो. माझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी फादरांनी तिच्या कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावले. ती नंतर बराच वेळ हात उघडेच ठेवून बसली होती, आणि त्या रात्री आठवड्यात पहिल्यांदा सलग झोपली. फादर यायचे असतील तेव्हा टेबलावर स्वच्छ पांढरे कापड, क्रूस आणि मेणबत्ती ठेवावी, टीव्ही बंद करावा, आणि आजाऱ्याला एकांतात पापनिवेदन करायचे असल्यास घरच्यांनी खोलीबाहेर जावे.

फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला जाताना पाण्याची बाटली, दुपारची गोळी आणि काहीतरी गोड जवळ ठेवावे, कारण पहाटेच्या थंडीत निघालेला माणूस रांगेत दुपारच्या उन्हात सापडतो. त्याच महिन्यात 11 तारखेला जागतिक रुग्णदिन असतो. त्या दिवशी घरातल्या आजाऱ्यासाठी फादरांना बोलावता येईल. आणि आजच एका कागदावर डॉक्टरांचा क्रमांक, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयाचा क्रमांक आणि चालू औषधांची नावे मोठ्या अक्षरांत लिहून तो फ्रीजच्या दारावर, आजी-आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल अशा उंचीवर चिकटवावा.