गोव्यात घरात बाळ येणार असेल तर कुठला कागद आधी काढायचा

गेल्या वर्षी आमच्या वहिनीला दिवस गेले तेव्हा आईने डोहाळजेवणाची यादी काढली आणि काका म्हणाले, सरकार आता पैसे देतं म्हणे, बघ जरा. ते "बघ जरा" माझ्या गळ्यात पडलं, मग गावातली अंगणवाडी, म्हापसा, पणजी अशा फेऱ्या मारल्या आणि त्यातून जे कळलं ते लिहितोय. आधीच सांगतो, हे पैसे बाळाकडे बघून मिळत नाहीत, आई कुठे कामाला आहे आणि तुमच्याकडे कुठल्या तारखेचा कुठला कागद आहे ते बघून मिळतात. आमच्याच वाड्यावर दोन बाळंतपणं जवळजवळ एकाच वेळी झाली, एकीला लाखावर मिळाले, दुसरीला पाच हजार, आणि कुणी काही लबाडी केलेली नाही, नियमच तसे आहेत.

तर पहिलं काम म्हणजे बाईची नोकरी कुठल्या नियमात बसते ते बघणं. सरकारी नोकरी असेल तर प्रश्नच नाही, १८० दिवस भरपगारी रजा, बापाला १५ दिवस, वर मूल वाढवायला पूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवस चाइल्ड केअर लीव्ह, त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये, ऑफिसातला हेडक्लार्क सगळं सांगतो.

खाजगी असेल तर पगाराची स्लिप काढा आणि ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात दिसते का बघा. पगार महिन्याला २१,००० पर्यंत आणि कामाच्या ठिकाणी १० किंवा जास्त माणसं असली तर ईएसआय लागू होतं, तुमचे ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. वहिनी एका हॉटेलात हाउसकीपिंगला, पगार १८ हजार, स्लिपवर १३५ रुपयांची कपात, जी बघून ती दर महिन्याला कुरकुर करायची की हे कशाला कापतात. त्याच १३५ रुपयांवर तिला २६ आठवडे पूर्ण पगाराच्या हिशोबाने पैसे मिळाले, हिशोब करा, सहा महिने धरले तर लाखाच्या वर. अट एवढीच की आधीच्या दोन काँट्रिब्युशन पिरियडमध्ये, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे जे सहा-सहा महिन्यांचे तुकडे असतात त्यात, किमान ७० दिवसांचं योगदान भरलेलं पाहिजे. म्हणून स्लिपवर कपात दिसते एवढ्यावर जाऊ नका, पैसे खरंच जमा झालेत का ते ईएसआयच्या पोर्टलवर स्वतःच्या इन्शुरन्स नंबरने बघून घ्या, आणि हे तिसऱ्या महिन्यातच बघा, आठव्यात बघून काही उपयोग नाही.

आणि मालक तोंड वाकडं करत असेल तर त्याला शांतपणे सांगायचं की हे पैसे तुमच्या खिशातून जात नाहीत, ईएसआय चालवणारं सरकारी महामंडळ, ईएसआयसी, देतं. अर्धे मालक इथेच गप्प होतात.

पगार २१ हजारांच्या वर असला की मात्र खेळ बदलतो. तिथे १९६१ चा मॅटर्निटी बेनिफिट कायदा, २०१७ मध्ये त्यात १२ आठवड्यांचे २६ केले (पहिल्या दोन मुलांना, तिसऱ्यापासून १२), आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय पण आकडे तेच आहेत. यात पैसे मालक स्वतः देतो, सरकार एक रुपया घालत नाही. म्हणजे धोरण म्हणून कागदावर एकदम झकास, पण पंधरा माणसांचं ऑफिस चालवणारा माणूस इंटरव्ह्यूला नवीन लग्न झालेली मुलगी बघून मनात काय हिशोब करतो ते सगळ्यांना माहीत आहे. माझं तर मत आहे की ईएसआयसारखं सगळ्यांनी मिळून भरायचं आणि त्यातून द्यायचं हेच बरं, नाहीतर चांगल्या कायद्याचा भार शेवटी त्याच बाईवर येतो.

इथे गोव्यातल्या सीझनच्या कामाचं सांगायला पाहिजे. हॉटेलं, रिसॉर्ट ऑक्टोबरला माणसं घेतात आणि आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, घरी पाठवतात, मग बायकांना वाटतं आपण काय पर्मनंट नाही, आपल्याला कुठली रजा. तसं नाहीये. कायदा बघतो ते एवढंच की बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम केलंय का, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर रोज गेलात तर ८० दिवस कधीच भरतात. काँट्रॅक्ट मधेच संपतंय म्हणून रजेचा लाभ तोडता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये एका काँट्रॅक्टवरच्या डॉक्टरच्या केसमध्ये सांगितलंय, आणि रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे हे तर २००० सालीच सांगितलं होतं. फक्त ८० दिवस दाखवायचे कसे? हजेरीचे फोटो, बँकेत पगार आलेला, व्हॉट्सअॅपवर आलेली ड्युटी लिस्ट, सगळं जपून ठेवा.

रजेची नोटीस लेखी द्या, कुठल्या तारखेपासून येणार नाही ते लिहा, आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून घ्या. शिक्का देत नसतील तर ईमेल करा. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे, तसं झालं तर पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरचं ऑफिस आहे, तिथे लेखी तक्रार करायची.

आता वाड्यावरची ती दुसरी, पाच हजारवाली बाई. ती म्हापशाच्या बाजारात मासळी विकते. तिला ना स्लिप ना मालक. अशांसाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना, पहिल्या बाळाला ५,००० दोन हप्त्यांत, ३,००० आणि २,०००, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. पहिला हप्ता गरोदरपणाची नोंदणी आणि सहा महिन्यांच्या आत एक तपासणी झाली की मिळतो. म्हणून पाळी चुकली, टेस्ट केली की लगेच आरोग्य केंद्रात जाऊन माता-बाल कार्ड काढा, त्यावर शेवटच्या पाळीची तारीख नीट लिहून घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब त्या एका तारखेवर चालतो. आमच्याकडे बायका तीन महिने कुणाला सांगत नाहीत, नाही सांगायचं तर नका सांगू, पण नर्सला तरी सांगा.

हे पैसे थेट बँकेत येतात आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बँकेत आधार दिलं म्हणजे झालं असं नसतं, पैसे त्या खात्यात जातात जे आधारशी सगळ्यात शेवटी मॅप झालंय. या मासळीवालीचे तीन हजार आम्ही दोन महिने शोधत होतो, शेवटी ते लग्नाआधी माहेरी उघडलेल्या झिरो बॅलन्स खात्यात सापडले, पासबुक तिच्या आईच्या ट्रंकेत साड्यांखाली. फॉर्म भरण्याआधी बँकेत विचारा की डीबीटी, म्हणजे सरकारकडून थेट येणारे पैसे, याच खात्याला आहे का. आणि आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं नाव असं असेल तर आधी ते एक करून घ्या.

मुलगी झाली तर गोवा सरकारची ममता योजना, १०,००० रुपये, दोन बाळंतपणांपर्यंत, दवाखान्यात बाळंतपण झालेलं पाहिजे, अर्ज अंगणवाडीत. शिवाय गृहिणींसाठी २०१२ पासूनची गृह आधार योजना आहे, महिन्याला १,५०० रुपये, अट घरचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत आणि गोव्यात १५ वर्षं रहिवास. या तीन लाखांचं गणित करून बघा, नवरा-बायको दोघांचे मिळून महिन्याला २५ हजार झाले की संपलं, म्हणजे बायको कामाला लागली की योजना सुटते. सून दोडामार्ग किंवा सावंतवाडीकडची असेल तर रहिवासाच्या दाखल्याचं फॉर्म घेतानाच विचारून घ्या, मामलेदार ऑफिसात नंतर दोन फेऱ्या वाचतात. गोवा सरकारच्याच लाडली लक्ष्मी योजनेचे एक लाख मुलगी १८ ची झाल्यावर, तो विषय आत्ताचा नाही, पण मुलीचा जन्मदाखला तेव्हाही लागणार.

जन्मदाखला २१ दिवसांच्या आत फुकट, पंचायतीत किंवा पालिकेत. बाळाचं नाव ठरलं नाही म्हणून थांबू नका, नोंद आधी करा, नाव वर्षभरात फुकट घालता येतं. आमच्याकडे नावावरून आजी आणि आत्या यांचं चवथीपर्यंत भांडण चाललं होतं.

बापाचं काय? खाजगी नोकरीत बापाला रजा द्या असं सांगणारा कायदाच नाही. भावाने स्वतःच्या रजेतले चार दिवस घेतले. स्वीडनने १९७४ मध्येच आईची रजा आई-बाप दोघांची केली, आज तिथे मिळून ४८० दिवस आहेत आणि त्यातले ९० दिवस बापाने घेतले नाहीत तर फुकट जातात.

आता कुणी म्हणेल गोव्यात कुठे गरिबी, आणि नीती आयोगाच्या आकड्यात ती खरंच १ टक्क्याच्या खाली आहे, २०१९-२१ मध्ये ०.८४ टक्के. पण त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या चारातल्या एका पोराची उंची वयाच्या मानाने कमी भरली. पैसे नियमित दिले की फरक पडतो हे अमेरिकेत दिसलं, २०२१ मध्ये त्यांनी मुलांमागची करसवलत वाढवून दर महिन्याला खात्यात टाकली, मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली, वाढीव पैसे बंद केले आणि २०२२ ला ती १२.४ टक्के झाली. आपल्याकडे पाच हजार एकदाच, ते सोनोग्राफी आणि रिक्षातच जातात. म्हणून अंगणवाडीतून मिळणारा शिधा सोडू नका, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला मिळतो, बाळ सहा महिन्यांचं झालं की बाळालाही, पुष्कळ जणी लाजेने आणत नाहीत.

आणि मातृ वंदनेचा दुसरा हप्ता, ते दोन हजार, १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्याशिवाय येत नाही. त्या दिवशी कार्ड घरी विसरू नका, नर्सकडून तारीख लिहून घ्या, तिथेच मोबाइलवर फोटो काढा आणि येताना अंगणवाडीत दाखवून या, दुपारी ती बंद असते.