मुलाची अडकलेली दाढ: उपचाराआधीची तयारी

बारा-तेरा वर्षांच्या मुलाची खालची दुसरी कायमची दाढ पुढे कलून पहिल्या दाढेच्या मागे अडकली असेल, तर उपचाराची तारीख ठरवण्याआधी अलीकडे काढलेला ओपीजी (दोन्ही जबडे आणि सगळे दात एकत्र दाखवणारा मोठा एक्स-रे) हाताशी असावा. एकाच दाताचा छोटा एक्स-रे येथे पुरत नाही; दाढ किती कलली आहे, तिची मुळे कितपत तयार झाली आहेत, मागून अक्कलदाढेचा अंकुर जागा अडवतो आहे का आणि दुसऱ्या बाजूची दाढ कुठवर आली आहे, हे सारे एकत्र पाहावे लागते. जुना ओपीजी असल्यास तोही न्यावा, कारण मधल्या काळात दाढ मुळीच हलली नसेल, तर ती हाडाला चिकटल्याची शंका घ्यावी लागते आणि अशा दाढेला तारेने ओढल्यास ती जागची हलत नाही, उलट आधाराला घेतलेले शेजारचे दातच सरकतात. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) सरसकट करून घेऊ नये. मुळे जबड्यातील नसेला लागून दिसत असतील, तर तो उपयोगी पडतो.

मग डॉक्टरांना योजना नेमकी विचारावी: दाढ थोडीच अडकली असल्याने दोन दाढांमध्ये सेपरेटर (फट पाडणारे छोटे कडे) किंवा पितळी तार घालून भागणार आहे, की हिरडी उघडून दाढेवर बटण (स्प्रिंग अडकवण्याची छोटी गुंडी) चिकटवायचे आणि स्प्रिंगने ती महिनोन्महिने सरळ करायची आहे. पहिल्या दाढेच्या मागच्या बाजूला कीड लागली आहे का, हेही त्याच भेटीत तपासून घ्यावे. ‘येईल आपोआप’ हा शेजारपाजारचा सल्ला इथे महागात पडतो, कारण मुळे पूर्ण होण्याआधी दाढ सरळ करणे तुलनेने सोपे असते.

मुलाचे ताजे वजन किलोमध्ये लिहून ठेवावे, कारण भुलेच्या औषधाची मात्रा त्यावरच ठरते. त्याच कागदावर दमा, हृदयविकार, रक्तस्राव लवकर न थांबणे, औषधांची ॲलर्जी आणि रोजची औषधे नोंदवावीत. केवळ जागेवरची भूल असेल, तर मुलाला हलके खाऊ घालून न्यावे. पूर्ण भूल असेल, तर भूलतज्ज्ञांची सूचना अंतिम मानावी. साधारणपणे हलके जेवण सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवतात, आणि दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही.

‘काहीच दुखणार नाही’ असे मुलाला सांगू नये; सुई टोचेल, मग ओठ जड होईल, असे खरे सांगितलेले बरे. बधिरपणा दोन-तीन तास राहतो, तेवढ्यात ओठ किंवा गाल चावला जाऊ नये म्हणून मोठ्या माणसाने जवळ थांबावे. घरी मऊ भात, दही आणि वजनानुसार लिहून दिलेले पॅरासिटामॉल तयार असावे. ॲस्पिरिन देऊ नये. परीक्षेचा आठवडा टाळावा, आणि बटण किंवा तार निघाल्यास कोणाला फोन करायचा, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.